मुंगूससाहेबांचे गुलाबी पंजे

बसा रे बाळांनो, आणि चुळबुळ नको. एका जंगलात पाणवठ्यावर राखणीला एक अस्वल नेमलेलं होतं. पाणी फुकट होतं. पण अस्वलाला मधाचं पोळं दिल्याशिवाय कुणाला तोंड बुडवता येत नसे.

तिथे चंद्री नावाची एक हरिणी होती. तिचं पाडस तापाने फणफणलेलं. बिचारी रोज मध आणणार कुठून? ती तडक लाचलुचपत खात्यात गेली.

खात्याचे प्रमुख होते मुंगूससाहेब. अगदी सज्जन, बरं का! कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

"रडू नका, ताई. सापळा लावू," साहेब म्हणाले.

त्यांनी एक पोळं मागवलं आणि स्वतःच्या हातांनी त्याला पांढरी पूड चोळली. ही पूड लागलेले पंजे सोड्याच्या पाण्यात बुडवले, की गुलाबी होतात.

चंद्रीने पोळं दिलं. अस्वलाने घेतलं. साहेबांनी झुडपातून उडी मारली आणि अस्वलाचे पंजे सोड्याच्या पाण्यात बुडवले. गुलाबी! चंद्रीला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं. आता लेकराला पोटभर पाणी मिळणार होतं.

पण खटला भरायचा तर अस्वलाच्या वरिष्ठांची परवानगी लागते. वरिष्ठ म्हणजे सिंहमहाराज. महाराजांच्या न्याहारीला रोज मध कुठून यायचा, ते मी सांगणार नाही. तुम्ही शहाणी मुलं आहात.

फाईल सहा महिने महाराजांच्या बुडाखाली राहिली. तोवर अस्वल पाणवठ्यात मजेत डुंबत होतं. चंद्री पाडसाला घेऊन तीन कोस लांबच्या ओढ्यावर जात होती. आणि साहेब रोज नवे सापळे लावत होते, रोज पूड चोळत होते.

शेवटी महाराजांनी दरबार भरवला.

"जुनं काही सांगू नका. आत्ता सोड्याच्या पाण्यात पंजे बुडवा. ज्याचे गुलाबी, तो चोर!"

अस्वलाने बुडवले. स्वच्छ!

"आता तुम्ही, साहेब."

"अहो महाराज, पण मी तर..."

"बुडवा म्हणतो ना!"

साहेबांचे पंजे गुलाबी झाले. चांगले कोपरापर्यंत.

चंद्री कळवळून ओरडली, "महाराज, त्यांनी स्वतःच्या हातांनी पोळ्याला पूड लावली! मी तिथेच होते!"

"वा!" महाराज म्हणाले. "पोळं हाताळल्याचा साक्षीदारही मिळाला."

साहेब त्याच दिवशी आत गेले. खात्याच्या प्रमुखपदी अस्वलाची नेमणूक झाली. चंद्री पाडसाला घेऊन पुन्हा ओढ्याच्या वाटेला लागली.

तात्पर्य : हात स्वच्छ ठेवायचे असतील तर भ्रष्टाचार पकडायच्या भानगडीत पडू नये. तो करावा, आणि रोज आंघोळ करावी.