कुलपावरचं नाव

दोन हजार नऊच्या दिवाळीआधी तुकाराम कुबलाने तारकर्लीतल्या आपल्या लॉजचं बुकिंग इंटरनेटवर नेलं. तेही परक्याच्या संगणकावरून नव्हे. "माझो लॉज, माझो संगणक," असा त्याचा बाणा. पुण्यात संगणक कंपनीत असलेल्या वर्षालीने, म्हणजे त्याच्या मुलीने, बुकिंगचा प्रोग्राम लिहून पडवीतल्या संगणकात बसवून दिला. त्याचा पत्ता नुसता आकडे आणि टिंबांचा होता, मटक्याच्या निकालासारखा. म्हणून रीतसर नाव विकत घेतलं. अर्थात तुकारामाचंच. खोल्या झाडणाऱ्या आणि पाहुण्यांना रांधून घालणाऱ्या पद्मावतीचं नाव द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही.

नाव जोडलं त्याच दिवशी पुण्याहून पेठ्यांचा फोन आला. निवृत्त बँकवाल्यांच्या मंडळाचे ते चिटणीस. बावीस माणसं, दिवाळीचा अख्खा आठवडा.

"कुबल, तुमची साइट उघडली की 'इथे विश्वास ठेवू नका' असं येतंय. कुलपाचं चिन्ह दिसल्याशिवाय मी बावीस जणांची माहिती भरणार नाही. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर समोरच्या बाबलींकडे जागा आहेच."

बाबली हा तुकारामाचा चुलतभाऊ. दोघांत बोलणं नव्हतं. बावीस पुणेकर बाबलीच्या अंगणात फराळ करताना पाहण्यापेक्षा खाडीत उडी घेतलेली बरी, असं तुकारामाला मनापासून वाटलं.

वर्षालीने फोनवर समजावलं, "बाबा, कुलूप दिसाक साइटीक दाखलो लागता. सध्याचो आपणच आपल्याक दिलेलो आसा. तो चलना नाय. मी बाहेरच्या कंपनीकडे अर्ज केलंय. ते फोन करून मालकाचा नाव इचारतले. घरातच रवा."

स्वतःच स्वतःला दिलेला दाखला जगात फक्त पुढाऱ्यांचा चालतो. तुकाराम तीन दिवस फोनपाशी ठाण मांडून बसला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला लागले आणि बांगडा भरपूर आहे अशी हाक आली. तो पिशवी घेऊन धावला. फोन तेवढ्यातच वाजला.

"नमस्कार, दाखल्यासाठी फोन केलाय. मालकांचं नाव सांगता?" पलीकडे एक मुलगी होती.

"ते रापणीर गेले," पद्मावती म्हणाली.

"हो, पण नाव काय त्यांचं?"

"ता सगळ्या गावाक म्हायत आसा."

"मॅडम, नियमाप्रमाणे मला ते तुमच्या तोंडून ऐकावं लागतं."

"आणि आमच्या नियमान माका ता घेवचा नसता."

तीस वर्षांच्या संसारात पद्मावतीने नवऱ्याला नावं भरपूर ठेवली होती, पण नाव एकदाही घेतलं नव्हतं. मुलगी काकुळतीला आली. आज नाव मिळालं नाही तर अर्ज रद्द होणार होता. पद्मावतीच्या डोळ्यांपुढे बाबलीचं अंगण आलं.

"बाय, तुमच्यात मालक म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"जो सगळं सांभाळतो तो."

"खोल्यो झाडता, रांधता, पावण्यांची उठबस बघता, तो?"

"हो, तोच."

"मगे लिवन घे. पद्मावती."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अर्जासोबत जोडलेल्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दोघांचीही नावं आहेत. चालेल, मॅडम."

शनिवारी सकाळी कुलूप दिसलं. तुकारामाने कौतुकाने त्यावर टिचकी मारली, आतलं नाव वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"गो, तू माझा नाव कित्याक सांगूक नाय?"

"तुमका रापणीरसून बोलावला असता तर बांगडे संपले असते," पद्मावती म्हणाली आणि खोबरं किसत राहिली.

तो चिडून काही बोलणार तोच फोन वाजला. पेठे होते.

"कुलूप पाहिलं, समाधान झालं. मालकीण पद्मावती कुबल, बरोबर? बोलणं आता त्यांच्याशीच. पण मागच्या वेळी फोनवर मालक म्हणून कोणीतरी पुरुष बोलत होता. हा काय प्रकार आहे? आपण कोण?"

तुकारामाने खिडकीतून पाहिलं. समोर बाबली अंगणात खुर्च्या मांडत होता, मोजून बावीस असाव्यात.

"मी इथे कामाला आहे, साहेब," तो म्हणाला.

"मग मालकीणबाईंना बोलवा."

तुकारामाने रिसीव्हर तोंडापासून दूर न नेता, पुण्यापर्यंत नीट ऐकू जाईल अशा अदबीने, लग्नानंतर प्रथमच बायकोला अहो-जाहो करत हाक मारली, "अहो बाई, तुमका फोन आसा."