प्लेटवरचं कडं

राठोडकाकांना कुणी "पोराला एकशेदोन ताप आहे" असं नुसतं सांगू नये. ते आधी विचारतात, "कोन्या पद्धतीनं?" काखेत की तोंडात, पाऱ्यानं की बटणवाल्यानं, हे कळल्याशिवाय त्यांना ताप मान्य नसतो. घरचं वरणही ते एकदा गरम, एकदा गार चाखतात आणि मिठाचे दोन्ही निकाल काकूंना कळवतात. काकूंचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

यवतमाळच्या आमच्या लॅबमध्ये काका तपासण्या करतात, मी काउंटरवर बसते. रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या एका प्रतिपिंडाचे चार उपप्रकार मोजणं म्हणजे काकांचा जीव की प्राण. "चार भावांची बेरीज बापाएवढी आली पाह्यजे," म्हणतात; बाप म्हणजे एकूण आकडा. पूर्वी ते जेलच्या प्लेटवर सीरमचा थेंब टाकत आणि भोवती पांढरं कडं पसरायची वाट बघत. कडं मोजायचं दोन दिवसांनी. मग तासाभरात उत्तर देणारं मशीन आलं. काकांनी एकच रक्त दोन्हीकडे मोजलं. आकडे जवळपास आले, पण जुळले नाहीत. काकांना मनापासून आनंद झाला.

लॅबच्या डॉक्टर मॅडमनी तरीही मशीनच धरलं. प्लेटा उरल्या एकाच पेशंटसाठी, काकांच्या मुलीसाठी. सुनीताला लहानपणी सारखा न्यूमोनिया व्हायचा. एक उपप्रकार कमी निघाला होता. आता ती वणीला सासरी आहे, ठणठणीत आहे. तरी दर हिवाळ्यात काका तिला तपासणीला बोलावतात. तिकडूनच रक्त पाठवते म्हणाली, की फोनवर ओरडतात, "मशीनचा आकडा प्लेटच्या आकड्याले लावता येत नाई! तुहे सारे जुने रिपोर्ट प्लेटचे हायेत. तू इथंच ये." शास्त्र म्हणून यात खोट काढता येत नाही. दोन दिवस ती माहेरी राहते आणि काका शीळ घालत कामाला येतात.

यंदा कंपनीनं प्लेटा बनवणंच बंद केलं. काकांनी हे सुनीताला कळवलं नाही. ती कपड्यांची बॅग घेऊन थेट लॅबमध्ये आली, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं.

"प्लेटा संपल्या, बेटा. मशीनवरच करा लागन. दुपारीच रिपोर्ट भेटन, मंग संध्याकाळची एसटी हायेच तुले." हे बोलताना ते तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मला फार वाईट वाटलं.

सुनीतानं बॅग माझ्या खुर्चीमागे सरकवली आणि बाही वर केली.

"करा मशीनवर," ती म्हणाली. "पन बाबा, रिपोर्ट मले परवाच द्या."