लिथुएनियाच्या बँकेपुढे माझी ओळखपरेड

क्रिप्टोवाल्यांनी युरोपातल्या कुठल्या बँकेत खातं काढावं, यावर टेक्सासमधल्या आमच्या आख्ख्या फ्रिस्को गावात अधिकाराने बोलू शकेल असा एकच माणूस आहे. मी! तेवीस बँकांचं एक्सेल मी स्वतः बनवलंय! बिटकॉइनचं नाव काढल्यावर हसणाऱ्या बँका हिरव्या, खेकसणाऱ्या लाल!

कारणही तसंच होतं. माझ्या बायकोला, म्हणजे नीलांबरीला, पोर्तुगालमध्ये पोर्टोला टाइल्स रंगवण्याच्या वर्षभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट करून कंटाळलेली बाई तो ईमेल वाचून ड्राइव्हवेवर नाचली होती! पण तिथली घरमालकीण हट्टी. डिपॉझिट युरोपातल्याच खात्यातून हवं, तेही शुक्रवारी आमच्या दुपारी बारापर्यंत. नाहीतर घर दुसऱ्याला. आणि घर नाही तर व्हिसा नाही, कोर्सही नाही!

"मी भरतो!" मी छाती फुगवून म्हणालो. "माझ्या बिटकॉइनमधून!"

नऊ वर्षं ही बाई माझ्या बिटकॉइनला 'संजीवचे मनातले मांडे' म्हणत आली होती. आता तेच मांडे तिला पोर्टोला नेणार होते! मला तर आनंदाने काही सुचेना.

पण मी अमेरिकेत राहतो म्हटलं की हिरव्या बँकाही लाल व्हायच्या. आमच्या इथल्या टॅक्सच्या फॉर्मांना त्या टरकतात. तेवीसपैकी बावीस गळाल्या. उरली लिथुएनियातली एक ऑनलाइन बँक. तिला बिटकॉइन चालत होतं, टेक्सासही चालत होतं. फक्त शुक्रवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायची. अट एकच: खोलीत एकट्याने बसायचं. भामटे लोक भोळ्याभाबड्यांना धमकावून खाती उघडायला लावतात म्हणे.

एकट्याने! आणि घरात पुण्याहून आलेल्या सासूबाई!

"संजीवराव, शुभकार्याला असे मोकळ्या कपाळाने बसता?"

"आई, नुसता लॅपटॉपवर कॉल आहे हो."

"म्हणून काय झालं!" त्यांनी ओलं कुंकू कपाळाला फासलं. इतकं ओलं, की ओघळ नाकापर्यंत आला. तेवढ्यात कॉल लागला.

समोर रूता नावाची गोड मुलगी होती. "सर, पासपोर्टच्या फोटोत चष्मा नाहीये. प्लीज चष्मा काढता का?"

काढला. माझा नंबर उणे सात! रूताचा एकदम पिवळसर ढग झाला.

"सर, तुमच्या कपाळातून रक्त येतंय का?" ढगाने विचारलं.

"नो, नो! दॅट्स जस्ट माय मदर-इन-लॉ!"

ढग स्क्रीनच्या जवळ सरकला. "तुम्ही खोलीत एकटेच आहात ना?"

"अॅब्सोल्यूटली!"

त्याच क्षणी उजवीकडून एक हात आला. हातात दही-साखरेचा चमचा!

"आ करा," सासूबाईंनी हुकूम सोडला. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. "आ करा म्हणते ना!" चमचा दातांवर आपटला. दाराआडून नीलांबरीने दबक्या आवाजात दम भरला, "खा ना यार पटकन! आज अकाउंट ओपन झालं नाही तर सगळं संपलं!"

 पलीकडून रूताने टाइप केल्याचा टकटक आवाज आला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग उमटली. फॉर्मची काहीतरी सूचना असणार, असं समजून मी जोरात मान डोलावली. पोरगी बिचारी हबकली होती, माफी तर मागायलाच हवी होती. पण तोंडात दही! मग मी आपल्या पद्धतीने दोन्ही कान पकडले. अगदी मनापासून, घट्ट!

"समजलं, सर," ती घाईघाईने म्हणाली. "शांत राहा. मदत येतेय." आणि कॉल कट!

चष्मा लावून मी मुंग्या वाचल्या. 'कुणी धमकावत असेल तर बोलू नका. फक्त एका कानाला हात लावा.'

वीस मिनिटांत दारात पोलीस!

"सर, तुम्हाला कुणी बळजबरीने काही खायला घातलं?"

"हो, पण..."

"कुणी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात दुसरा चमचा तयार होता, बहुधा ऑफिसरसाठी. तो दोन पावलं मागे सरकला.

शेवटी नीलांबरी पुढे झाली. कुंकू, दही, कान, सगळं तिने नीट समजावलं. पोर्टोपाशी आल्यावर मात्र तिला रडू फुटलं. मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षांचा माझा तोरा, आणि घर जाणार होतं तिचं!

ऑफिसरने स्वतः बँकेला फोन लावून खुलासा केला. मग नीलांबरी गॅरेजमध्ये, गाडीच्या काचा लावून, अगदी एकटी कॉलवर बसली. अकरा मिनिटांत खातं उघडलं! माझे बिटकॉइन तिच्या खात्यात जाऊन त्यांचे युरो झाले आणि पावणेबाराला घर आमचं झालं! ती अशी किंचाळली की ऑफिसर बाहेरून पुन्हा आत आला.

"आणि माझं खातं?" मी पुन्हा कॉल लावून रूताला विचारलं.

"सॉरी सर. आमच्या रेकॉर्डला तुम्ही दबावाखालचे गृहस्थ आहात. तूर्तास तुमचे पैसे मिसेस सांभाळतील."

बिटकॉइन माझे, एक्सेल माझं, खातं बायकोचं! तसं आमच्या घरात लग्नापासून हेच चालत आलंय म्हणा. फक्त युरोपातल्या एखाद्या बँकेने ते लेखी दिलं नव्हतं, इतकंच!