शंका शिल्लक नाहीत

शेतीसल्ला कार्यालयात एका सोमवारी परिपत्रक आलं. निधीत कपात झाल्यामुळे यंदा निम्मी सल्ला कार्यालयं बंद होणार होती. मात्र कोणती निम्मी, हे वर बसून ठरवणं लोकशाहीला धरून झालं नसतं. सबब, ज्या कार्यालयांना जनतेचा पाठिंबा असेल ती चालू राहतील. पाठिंबा विहित नमुन्यात, तीन प्रतींत, नव्वद दिवसांच्या आत सादर करावा. तो स्वयंस्फूर्त असावा. स्वयंस्फूर्तीसाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीचा अर्ज परिशिष्ट ‘ड’ म्हणून सोबत जोडला होता.

ज्यांच्या टेबलावर हा कागद पडला, त्या सल्लागारांना सगळा परिसर पानबघे म्हणायचा. बावीस वर्षं ते लोकांच्या पिकांची पानं बघत आले होते. कुणी सुकलेलं झाड घेऊन आलं की ते खोडाचा तुकडा कापायचे, काचेच्या पेल्यात पाण्यात उभा धरायचे आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचे. तुकड्यातून दुधासारखी बारीक रेघ खाली उतरली तर म्हणायचे, “फवारून उपयोग नाही. झाडं उपटा आणि त्या सरीचं पाणी पुढे जाऊ देऊ नका.” नाही उतरली तर म्हणायचे, “घाबरू नका, पाणी जास्त झालंय.” मग शंका आणि उत्तर दोन्ही शंकावहीत लिहून घ्यायचे. खतदुकानदाराला हा पेला फारसा आवडत नसे, कारण त्यात त्याच्या दुकानातलं काहीच ओतावं लागत नसे.

पानबघ्यांनी परिपत्रक घरी नेऊन मोठ्याने वाचलं. बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय न थांबवता विचारलं, “म्हणजे नोकरी जाते की काय?”

“लोकांनी पाठिंबा दिला तर नाही जाणार.”

“मग देतील की. बावीस वर्षं राबलायत त्यांच्यासाठी. तुम्ही आपले भिडस्त, तोंड उघडून मागा म्हणजे झालं.”

मागावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाठिंबा समिती स्थापन झाली आणि अध्यक्षपदी खतदुकानदाराची निवड झाली, कारण झेरॉक्स मशीन फक्त त्याच्याकडे होतं. त्याने पहिल्याच सभेत भाषण केलं. पानबघे म्हणजे आपल्या परिसराचं भूषण, त्यांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने ठराव मांडला. सह्या गोळा करणं, फोटो काढणं, परिशिष्टं भरणं यात साहेबांचा सगळा वेळ जाणार. तेव्हा हे नव्वद दिवस कुणीही त्यांना शंका विचारून त्रास देऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. एवढं प्रेम बघून पानबघ्यांना भरून आलं. त्यांनी स्वतः उठून ठरावाला अनुमोदन दिलं.

कामाला जोर चढला. पानबघे सकाळी मोटारसायकलवर निघायचे, बांधावर थांबायचे आणि पिकाकडे पाठ करून सही घ्यायचे. पिकाकडे बघितलं तर काहीतरी दिसायचं, आणि दिसलं की बोलावंसं वाटायचं. त्यापेक्षा पाठ केलेली बरी. फोटोत चेहरा हसरा हवा, अशी नमुन्यात अट होती. ज्यांच्या पिकावर कीड पडली होती त्यांना हसायला वेळ लागायचा; पानबघे धीराने थांबायचे. काही जणांनी दोनदा सह्या केल्या. एकाने आपल्या बैलाच्या खुराचा ठसा देऊ केला. समितीने तो ‘इतर घटक’ या रकान्यात स्वीकारला.

तिसाव्या दिवशी टोमॅटोवाल्या काकू कार्यालयात आल्या. त्यांच्या पिशवीत मुळासकट उपटलेलं एक झाड होतं. पानं हिरवी, पण मान टाकलेली.

“सकाळी बरं होतं हो. दुपारी असं झालं. एका सरीतली चार झाडं गेली.”

पानबघ्यांचा हात आपसूक पेल्याकडे गेला. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला अध्यक्ष परिशिष्टांवर शिक्के मारत बसले होते. त्यांनी शिक्का हवेतच थांबवला.

“काकू, ठराव माहीत आहे ना? तुम्हीही हात वर केला होता.”

“केला होता. पण झाडाला कुठे माहीत आहे?”

“आज तुमचं बघितलं तर उद्या सगळ्यांचं बघावं लागेल. मग सह्या कोण घेणार? कार्यालयच गेलं तर पुढे विचारणार कुणाला? आणि तोवर माझं दुकान आहे की.”

यात चुकीचं काय आहे, ते पानबघ्यांना सापडेना. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती आणि पेला हाताशी होता. त्यांनी झाड हळूच टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, “साठच दिवस, काकू. मग पहिलं तुमचंच बघतो.”

काकूंनी दुकानातून बाटली नेली. पुढच्या आठवड्यात दुसरी नेली, तिसऱ्या आठवड्यात तिच्याहून मोठी नेली.

नव्वदाव्या दिवशी, परवानगीत नमूद केल्याप्रमाणे अकरा ते एक या वेळात, लोकांचा स्वयंस्फूर्त मोर्चा निघाला. एवढी गर्दी पानबघ्यांनी कधी पाहिली नव्हती. शेकडो फलक होते आणि प्रत्येक फलक एकाच मापाच्या, सरळ, चांगल्या बांबूवर बांधलेला होता. ते कौतुकाने म्हणाले, “एवढे बांबू कुठून मिळाले?”

“माझ्याच प्लॉटमधले,” काकू म्हणाल्या. “टोमॅटोला लावले होते. आता टोमॅटो नाहीत, म्हटलं पडून काय करायचे, तुमच्या कामी येतील.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरोखरच मनापासून दिले होते. पानबघ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात मुख्य कार्यालयातून निरीक्षक आले. त्यांनी सह्या वजन करून घेतल्या, फोटोंमधले हसरे चेहरे मोजले आणि शेवटी शंकावही उघडली.

“नव्वद दिवसांत शंका किती?”

“एकही नाही,” अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

पानबघ्यांनी तोंड उघडलं. खणात एक आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच वेळी बाहेर त्यांच्या नावाचा जयघोष सुरू झाला आणि निरीक्षकांनी हसून मान डोलावली. पानबघ्यांनी तोंड मिटलं. त्या क्षणाची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली, पण लाजेसाठी नमुन्यात रकाना नव्हता.

पंधरा दिवसांनी आदेश आला. या कार्यालयास अठ्ठ्याण्णव टक्के पाठिंबा आढळून आला आहे, ही बाब अभिनंदनीय आहे. त्याच वेळी सलग नव्वद दिवस एकही शंका नोंदली गेलेली नाही. यावरून या परिसरातील शेतकऱ्यांच्या शंका संपल्या असून सल्लासेवेचं उद्दिष्ट पूर्ण झालं आहे, असा निष्कर्ष निघतो. सबब सल्लागार हे पद समारंभपूर्वक रद्द करण्यात येत आहे. मात्र जनतेच्या भावनांचा आदर राखून इमारत, पाटी आणि टेबल कायम राहील. तिथे यापुढे पाठिंबा संकलन केंद्र चालेल. विद्यमान सल्लागारांचं या कामातलं प्रावीण्य लक्षात घेता त्यांनाच केंद्रप्रमुख नेमण्यात येत आहे.

“म्हणजे नोकरी वाचली,” बायकोने मशीन थांबवून सुटकेचा श्वास टाकला.

“नोकरी वाचली. काम गेलं.”

“तुमचं आपलं काहीतरीच. पगार तोच ना?”

पगार तोच होता. परिसरात आनंदीआनंद झाला, अध्यक्षांनी भाषण केलं आणि कार्यालय वाचवल्याबद्दल सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. आता तिथे रोज सह्या चालतात. शेजारचा पशुदवाखाना वाचवायचा आहे. तिथल्या डॉक्टरांना त्रास नको म्हणून लोकांनी गेले दोन महिने गुरं नेलेली नाहीत.

पानबघ्यांची तुम्हाला दया आली असेल, तर ती नमुना दोनमध्ये भरून द्या. तीही पाठिंब्यातच धरतात. तुम्ही सुजाण वाचक आहात, तुमच्या गल्लीतलं वाचनालय बंद पडू नये असं तुम्हाला मनापासून वाटतं आणि त्यासाठीच्या अर्जावर तुमची सही ठळक आहे. तिथून तुम्ही शेवटचं पुस्तक कधी आणलंत, ते निरीक्षक येण्याआधी एकदा वहीत बघून ठेवा.