प्रेमानं, पण वेगळं

नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीनं मलकापूर सोडलं की दिवाकरराव ढोमणे पायात चपला घालतात. तोवर ते सकाळपासून बर्थवर मांडी घालून, बनियनवर, अनवाणी बसलेले असतात. मलकापूर मागे पडलं की अंगात सदरा चढतो, वरच्या गुंडीपर्यंत बटणं लागतात, केसांतून कंगवा फिरतो आणि माणूस पाय खाली सोडून ताठ बसतो. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मला वाटलं, यांना पुढच्याच स्टेशनवर उतरायचंय.

"काका, पुणं अजून लांब आहे," मी म्हणालो.

"पुणं दूर हाये, पण विदर्भ तं संपला ना! आपल्या घरी माणूस कसाही बसते. दुसऱ्याच्या राज्यात जरा नीट बसा लागते."

विदर्भाचं वेगळं राज्य व्हावं असं म्हणणारी माणसं नागपुरात पुष्कळ आहेत. बाकीचे ते राज्य मागतात, दिवाकररावांचं मात्र झालेलं आहे. मुंबईला कळवायचं तेवढं राहिलंय.

मी मूळचा सांगलीचा. बदलीनं नागपुरात आलो आणि सक्करदऱ्याला त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. सामान उतरतंय तोच हे गृहस्थ संत्र्यांची पिशवी घेऊन दारात हजर. "या पाहुणे. परदेशातून आले, थकले असान." पुढं मी इथंच घर बांधलं, माझी पोरं 'काहून' आणि 'मले' म्हणत मोठी झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच आहे. त्यात टोमणा नसतो. पाहुण्याला पहिला आंबा मिळतो आणि पाहुण्याचं काम आधी होतं, हा फायदा मी गेली कित्येक वर्षं बिनतक्रार उपटतो आहे.

इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. भांडं विकायचं आणि मशीननं त्यावर नाव टाकून द्यायचं. लग्नसराईत त्या मशीनची कुरकुर गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येते. गिऱ्हाईक सांगतं, "मामाकडून सप्रेम भेट, नागपूर." दिवाकरराव मान डोलवतात आणि नागपूरच्या पुढं स्वखुशीनं घालतात, 'विदर्भ राज्य'. त्याचे जास्तीचे पैसे घेत नाहीत. असं करून करून त्यांचं राज्य निम्म्या शहराच्या फळीवर जाऊन बसलंय. एका मुलीच्या नाशिकच्या सासऱ्यांनी पातेल्यावर ते वाचलं आणि आपल्या नजरेतून एवढी बातमी कशी निसटली म्हणून रद्दीत गेलेले पेपर परत काढून चाळले. ही हकिकत सांगताना दिवाकररावांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते राज्य खरंच मिळालं तरी येईल की नाही, शंकाच आहे.

'प्रेमानं, पण वेगळं' हे त्यांचं ब्रीद. सभेत हेच, घरात हेच. डोसा मागवला की वेटरला सांगणार, "सांबार प्रेमानं दे गा, पण वेगळं." एक मेला दंडावर काळी फीत लावून मोर्चाला जातात आणि वाटेत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम लागला तर थांबून पेढा खातात. "त्याइचा सण हाये. शेजाऱ्याच्या सणाचं नाही म्हणू नये."

चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्यांना डिवचायला माणसं टपलेलीच असतात. परवा एकानं विचारलं, "ढोमणेजी, असे तुकडे पाडत गेलो तं देश राहीन का? आज विदर्भ, उद्या सक्करदरा वेगळा मागान!"

"मागू ना! नळाले पाणी नाही आलं तं सक्करदराही मागू." मग तर्रीचा भुरका मारून दिवाकरराव गंभीर झाले. "आयका. भाऊ वेगळे राहाले गेले, त्याइचं आडनाव बदलते का? देश थोच राहते. पण एका भावाले दुसऱ्याच्या दारात रोज हात पसरा लागत असन, तं थ्या एकत्र राहण्याले प्रेम म्हणत नाही गा. आणि वेगळं व्हाचं तं भांडून नाही व्हाचं. भांडून जाते त्याले पळणं म्हणते."

मी सांगलीच्या वतीनं खूप वाद घातले आहेत. आमच्याकडचे दाखले दिले, इतिहास काढला. ते सगळं ऐकून घेतात, चहा मागवतात आणि चहा आला की म्हणतात, "पाहुणे, तुमचं बरोबर हाये. फक्त थे तुमच्या राज्यात बरोबर हाये."

घरी शालूकाकू आहेत, त्यांना या चळवळीचं फारसं कौतुक नाही. "राज्य येईन तवा येईन, आधी गिरणीतून दळण आणा," एवढंच त्यांचं धोरण. अश्विनी ही एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं तेही नेमकं पुण्यात. सगळी गल्ली हसली. दिवाकररावांनी मांडवात माइक हातात घेऊन हा दोन राज्यांच्या संबंधांतला मोठा दिवस असल्याचं जाहीर केलं आणि व्याह्यांना कडकडून मिठी मारली. तिच्या रुखवतातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी स्वतः मशीन चालवून निखिल-अश्विनी अशी जोडीनं नावं टाकली होती.

मग गेल्या वर्षी अश्विनीचा फोन आला. "बाबा, मले इथं नाही राहाचं."

झालं काहीच नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. निखिल सज्जन मुलगा. दारू नाही, हात उगारणं नाही, आवाजसुद्धा चढवणं नाही. दोघं एका घरात राहत होती आणि एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्या शांततेत पोरगी वाळत चालली होती. नातेवाईक ढोमण्यांच्या घरी जमले. जो तो हेच म्हणे, जावई वाईट नाही तर मोडायचं काहून? शालूकाकू पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "तिले समजवा हो. लोक काय म्हणतीन?"

दिवाकररावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावई वाईट हाये असं मी म्हटलं का? महाराष्ट्र वाईट हाये असं तरी कधी म्हटलं? कोणीच वाईट नसलं तरी जमत नाही एखाद्या वेळी. पोरगी मरेपर्यंत वाट पाहाची का?"

खोलीत त्यांच्या विदर्भावर वर्षानुवर्षं हसत आलेलीच सगळी माणसं होती, मीही होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. "तुमी तिकडचे. माझं काही चुकलं तं सांभाळून घ्याल."

पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही पोचलो तेव्हा निखिल मान खाली घालून बसला होता आणि त्याची आई विजयाताई भांडायच्या तयारीत उभ्या होत्या. दिवाकररावांनी पाणी मागितलं, प्यायले आणि हात जोडले.

"ताई, तक्रार घेऊन नाही आलो. पोरीले घेऊन जाऊन राहिलो. तुमी तिले चांगली ठेवली, थे मी विसरणार नाही."

विजयाताईंचा राग कुठं जाणार? त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरची रुखवतातली भांडी ओट्यावर आदळायला लागल्या. "मग ही पण न्या. आम्हाला नको तुमचं काही."

दिवाकरराव आत गेले. एक डबा उचलून त्यांनी त्यावरच्या नावांवरून अंगठा फिरवला आणि तो परत फळीवर ठेवला. "राहू द्या ताई. याच्यावर दोघांचं नाव हाये. एकाचं कसं नेऊ? फक्त एक विनंती हाये. तिले आणली तवा तुमी ओवाळून घरात घेतली होती. आता चालली, तं तिच्या हातावर दही ठेवा."

विजयाताई थबकल्या. मला वाटलं, आता या बाई आम्हाला बाहेर काढतात. त्यांनी फ्रिज उघडला, वाटीत दही काढलं, त्यावर साखर घातली आणि बाहेर येऊन अश्विनीच्या तळहातावर चमचाभर ठेवलं. मग सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की सोसायटीला वाटलं असेल, पोरगी नुकतीच लग्न होऊन सासरी निघाली आहे. बॅग निखिलनं उचलली आणि खाली रिक्षात ठेवली. दिवाकररावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला ते बघवेना.

वेगळं होण्याचीही एक रीत असते. दिवाकररावांना ती ठाऊक होती. जन्मभर मोर्चे काढून, भाषणं ठोकून त्यांनी तिचीच तर तालीम केली होती. ती तालीम एखाद्या राज्याच्या कामी यायची ती घरात कामी आली. मला या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तो मी इथं लपवत नाही.

अश्विनी परत येऊन आता वर्ष होत आलं. एका शाळेत शिकवायला जाते. गल्लीतल्या बायका बोलायच्या ते बोलून थकल्या. शालूकाकू तिच्या डब्यात आठवणीनं लोणचं घालतात.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी ढोमण्यांच्या ओसरीवर बसलो होतो. दिवाकरराव संत्र्याच्या फोडी सोलून माझ्यापुढं ठेवत होते. राज्याचा विषय निघाला नाही म्हणून मीच काढला, तर ते नुसते हं म्हणाले. मग हलक्या आवाजात बोलले, "पाहुणे, एक विचारू? विदर्भाचं मी छातीठोक सांगतो. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. पोरीचं मात्र मले अजून समजलं नाही. अजून थोडी कळ काढली असती, तं जमलं असतं का त्याइचं? मीच घाई केली का?"

'नाही हो काका' एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, इतक्यात आत फोनवर कुणाशी तरी बोलत असलेली अश्विनी हसली. बारीक, घाईत हसणं नव्हे, चांगली खो खो, श्वास अडकेपर्यंत.

दिवाकररावांनी पटकन माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"बोलू नका," ते कुजबुजले. "आयका."

आणि तिचं हसणं थांबेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.