सबनीसकाकांची पुठ्ठ्याची शेगडी

सबनीसकाकांच्या तळघरात दीड वर्ष पुठ्ठ्याची शेगडी उभी होती. खऱ्या मापाची, काळा रंग दिलेली, दाराला चक्क कडी असलेली. मी नोकरीसाठी जर्मनीत गेर्लिंगेनला येऊन त्यांच्या शेजारी राहायला लागलो आणि पहिल्याच रविवारी चहाच्या आधी मला ती दाखवण्यात आली.

"हात पुढे कर," काका म्हणाले.

मी केला.

"काय वाटतं?"

"काहीच नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर! कारण हवेचं गणित अजून सुटलेलं नाही."

काका एका मोठ्या कंपनीत पंचवीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम करत होते. थांबवणं हा त्यांचा पेशा, आणि तो घरातही उतरला होता. काहीही सुरू करायची वेळ आली की ते म्हणत, "आल्झो, म्हणजे असं बघ, आधी कागदावर पेटू दे."

इथले लोक लाकडं जाळायची लोखंडी शेगडी दिवाणखान्यात बसवतात, पाहुण्यांना ज्वाळा दिसाव्यात म्हणून. काकांना ती खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातच हवी होती, वॉशिंग मशीन आणि बटाट्यांच्या शेजारी. का, ते सांगत नसत. फार खोदून विचारलं तर म्हणत, "उष्णता वर जाते. फिजिक्स."

शेगडी नव्हती, पण लाकडं तयार होती. बागेच्या भिंतीला लागून नीट रचलेली. दर शनिवारी काका त्यांना ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया टोचत आणि राउंडवरच्या डॉक्टरसारखे वहीत लिहीत. "हा सुधारतोय. ह्याला अजून उन्हाची गरज आहे."

"अहो, त्या ओंडक्यांची चौकशी करता, तेवढी कधी माझ्या गुडघ्यांची करा," खिडकीतून मालतीकाकू म्हणत. काका गुडघ्यांचीही चौकशी करत. यंत्र हातात तसंच असे.

इथे धुराड्याची परवानगी शोर्नश्टाइनफेगर देतो. तो आपल्या भागातली धुराडी तपासतो. त्याची सही झाल्याशिवाय काडीसुद्धा ओढता येत नाही. आमच्या भागाचे हेर फोगल, म्हणजे फोगलसाहेब, आले, काकांची जाडजूड फाइल त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "ताजी हवा कुठून येणार?" बंद खोलीतली हवा आग खाऊन टाकणार, धूर उलटा आत येणार, माणूस गुदमरणार. "असं चालणार नाही," म्हणून ते निघून गेले.

मला वाटलं, काका वाद घालतील. त्यांनी पुठ्ठ्याच्या शेगडीवर हात ठेवला. "म्हणजे हाही हिवाळा गेला," ते म्हणाले. वर सगळ्या खोल्यांत हीटिंग असलेला माणूस एवढा का खचावा, मला कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरी शेगडी शोधली, भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीनं स्वतःपुरती हवा ओढणारी. नवा नकाशा पाहून हेर फोगल खूश झाले. मग त्यांचं बोट एका कोपऱ्यातल्या चौकोनावर थांबलं.

"हे काय?"

"चटई."

"बसायला? मग शेगडीपासून इतकी लांब का?"

काका सावकाश जर्मनमध्ये म्हणाले, "माझी बायको गाते. तिच्या वाद्याला जवळून धग सोसत नाही. त्याचा भोपळा तडकतो."

शेजारी राहून वर्ष उलटलं होतं. काकूंचं गुणगुणणंही मी कधी ऐकलं नव्हतं.

हेर फोगल धुराड्याची जागा पाहायला बाहेर गेले, तेव्हा काका फाइलकडे बघत बोलले. मी येण्याच्या आधी भिंतीपलीकडचे म्हातारे गृहस्थ आजारी पडले, त्यांना त्रास नको म्हणून काकूंनी रियाज केलरमध्ये नेला. पहिला हिवाळा दोन स्वेटर घालून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात घसा बसला, तो वसंतापर्यंत. "एक दिवस तंबोरा कपाटावर ठेवला आणि म्हणाली, आता वय झालं. मला एका शब्दानं बोलली नाही रे. बोलली असती तर बरं झालं असतं."

"मग विजेचा हीटर का नाही आणला?"

"त्याचा पंखा घुमतो. षड्जाच्या जवळपास, पण जरा उतरलेला. तिला सोसायचा नाही."

"काकूंना हे सगळं माहीत आहे?"

"छे! नाही पेटली तर? उगाच आशा कशाला लावायची?"

नोव्हेंबरात पेटली. एका रविवारी दुपारी काकांनी काकूंना खाली बोलावलं. कोपऱ्यात चटई होती, तिच्यावर तंबोरा. काकू दारातच थांबल्या.

"आवाज राहिलाय कुठे आता," त्या म्हणाल्या, पण बसल्या. तारा जुळवण्यात अर्धा तास गेला. पहिला सूर लावला, तो चिरकला. काका घाईघाईनं शेगडीत लाकूड सारायला लागले, जणू त्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

"अहो, तुम्ही वर जा बघू. तुम्ही समोर असलात की नाही जमायचं."

आम्ही दोघं वर आलो. काका जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं. खालून सूर आला, मोडला. पुन्हा आला, पुन्हा मोडला. तिसऱ्यांदा मात्र तो टिकला, आणि काकू त्याच्यावरून हळूच पुढे गेल्या.



"दार लावू का?" मी कुजबुजलो. "सगळी ऊब वर येतेय."

"राहू दे," काका म्हणाले. "उघडंच राहू दे."