हेमराजचा कायदा आणि प्राचीची दुसरी सीईटी

हेमराजला सुटणार नाही असा प्रश्न बोदलकसा तलावाच्या काठी अजून जन्माला यायचा होता, असं निदान हेमराजचं मत होतं. मासेमारी संस्थेचा तो अध्यक्ष. जाळं कुठे टाकायचं, कोणाच्या पोराला कुठली मुलगी पाहायची, सगळं उभ्या उभ्या सांगायचा. त्यामुळे मुलगी प्राची जेव्हा म्हणाली, की सीईटी आता दोनदा देता येते आणि मला दुसऱ्यांदा द्यायची आहे, तेव्हा त्याने जेवता जेवताच निकाल लावला. द्यायची नाही!

प्राचीला पहिल्या वेळी एक्याऐंशी पर्सेंटाइल मिळाले होते. तिला नागपूरच्या सरकारी कॉलेजात शेतीचं शिक्षण घ्यायचं होतं आणि त्याला एक्याऐंशी पुरणार नव्हते. फॉर्म भरायला उरले होते चार दिवस.

हेमराजच्या नकाराला संस्थेच्या कायद्याचा आधार होता. तलावातून मासोळी निघाली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तिचे सारखे ढीग लावायचे आणि चिठ्ठ्या टाकून घरटी एकेक वाटायचा. कोणाला आपला ढीग पसंत नसला, तर तो सोडून त्याने बाजूला झाकून ठेवलेला ढीग घ्यावा. मात्र एकदा सोडला की पहिला गेला. संस्थेतल्याच दुधराममामांनी मागे असाच रोहूचा चांगला ढीग सोडला, आणि झाकणाखालून निघाल्या बोटाएवढ्या काटेरी मासोळ्या. मामी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

"दोन्हीत जे जास्त, तेच धरतेत बाबा," प्राचीने समजावलं.

"असं कुठं असते? दुसरं घेतलं का पहिलं गेलं. तुले एक्याऐंशी जड होऊन रायले काय?"

तरीही ती ऐकेना, तेव्हा त्याने प्रश्न संस्थेच्या बैठकीत ठेवला. बारा सभासदांपैकी एकानेही सीईटी दिलेली नव्हती, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. दुधराममामांनी तर घरी येऊन प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि रोहूची कथा पहिल्यापासून सांगितली.

प्राची रडली, जेवली नाही. हेमराजही ताटातला भात नुसता चिवडत बसला. खरं सांगायचं तर त्याला कायद्याची पर्वा नव्हती, पोरीची होती. हातचे एक्याऐंशी जाऊन चाळीस आले तर तिचं तोंड कसं पाहायचं, या भीतीने त्याची झोप उडाली होती. शेवटी बायकोने, दुर्गाने, त्याच्यापुढचं ताट उचललं.

"तिरोड्याले जाऊन विचारून या. परीक्षा काय तुमची संस्था घेऊन रायली?"

तिरोड्यात चंद्रकुमारचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. दोन्हीतले जास्त तेच धरतात, हे त्याने हेमराजला एकदा मराठीत आणि दोनदा हिंदीत सांगितलं. मागची रांग दारापर्यंत गेली. हेमराज म्हणाला, लिहून द्या. लिहून दिल्यावर म्हणाला, शिक्का मारा. शिक्का 'झेरॉक्स व लॅमिनेशन'चा होता, पण शिक्का तो शिक्काच! हेमराजचा जीव भांड्यात पडला आणि त्याने फोनवर प्राचीला विचारत विचारत तिथेच फॉर्म भरून टाकला.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण तो कागद त्याने संस्थेत दाखवला. सभासदांनी तो हातोहात फिरवला आणि विचारलं, की सरकार दोन पाहून चांगलं ते ठेवू देते, तर आपली संस्था काऊन नाही?

अध्यक्षाला मान डोलवावी लागली. पुढच्या खेपेला बारा घरांसाठी चोवीस ढीग लावले, म्हणजे प्रत्येक ढीग निम्मा झाला. प्रत्येकाने दोन पाहून एक उचलला. नावडते बारा पाळीवर राहिले. ते कोणाचे, यावर दुपारपर्यंत भांडण चाललं. तोवर ते बगळ्यांचे झाले होते. संध्याकाळी जुना कायदा परत आला आणि हेमराज आठवडाभर तलावाकडे फिरकला नाही.

प्राचीने मात्र गोंदियाला जाऊन परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा ती अंगणातूनच ओरडली. त्र्याण्णव! दुर्गाने तिच्या तोंडात साखर कोंबली. हेमराजने गमछ्याने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग जरा वेळाने, कोणी ऐकत नाही असं पाहून, त्याने प्राचीला हळूच विचारलं.

"अन् ते एक्याऐंशी?"

"ते आता कायच्याच कामाचे नाई बाबा. त्र्याण्णवच धरतेत."

हेमराजने गमछा खांद्यावर टाकला. मग ताठ झाला आणि त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून दुर्गाला हाक मारली.

"ऐकलं का? मी सांगतच होतो, दुसरं घेतलं का पहिलं जाते."